हिरव्या चौकोनातली माती

आषाढ लागला की माझ्या स्क्रीनवर डोंगर वाहायला लागतात. बाहेर नागावच्या वाडीत नारळाच्या झावळ्या एकमेकींवर आपटत असतात, सासूबाईंच्या होमस्टेच्या खोल्या रिकाम्या असतात, किनाऱ्यावरच्या बोटी ताडपत्रीखाली उपड्या पडलेल्या असतात, आणि मी माजघरात लॅपटॉप उघडून कुठल्यातरी खोऱ्याची माती मोजत बसते. पाऊस किती, उतार किती, माती कोणत्या जातीची, वर झाडोरा किती, बांधबंदिस्ती आहे की नाही, एवढं भरलं की संगणक सांगतो, या जमिनीतून दरसाल किती माती जाईल. हिरवं म्हणजे निश्चिंत, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे गेलीच म्हणून समजा. माझा हा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि तो मला आवडतो. फक्त आषाढात आवडत नाही.

उतार हा शब्द आला की मला वत्सलाआत्या दिसते. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तळा गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथे तिला दिलेली. लहानपणी मे महिन्यात आम्ही पनवेलहून एसटीने तिच्याकडे जायचो. तिच्या हाताला नाचणीच्या पिठाचा आणि ओल्या मातीचा असा एक मिसळलेला वास होता. भाकरी थापतानाही तो यायचा, वेणी घालतानाही. मी तिला एकदा म्हटलं, "आत्या, तुझ्या भाकरीला मातीचा वास येतो." ती म्हणाली, "मंग कसला येल गो? आकाशाचा?"

तिचे यजमान, आमचे काका, तापाने अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. दिवसपाणी झाल्यावर धाकटा दीर सुदाम, म्हणजे आमचे सुदामकाका, यांनी वाटणीचा विषय काढला. डोंगराच्या पायथ्याला चांगलं भाताचं खाचर होतं, आणि त्याच्या डोक्यावर उताराची वरकस जमीन, नाचणी-वरीची. बाईमाणसाला चिखलाची शेती कशी झेपणार, असं पंचांसमोर ठरलं. खाचर सुदामकाकांकडे गेलं, डोंगर आत्याकडे आला. त्याआधीच उतारावरची ऐन आणि किंजळीची जुनी झाडं तोडून झाली होती. सुदामकाकांच्या नव्या घराच्या वाशांना ती लागली. झाडं गेली तसे त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेले बांधही एकेक करून सुटले.

तेव्हापासून दर पावसाळ्यात आत्याची माती खाली जायची. खाली म्हणजे कुठे समुद्रात नाही. राजपुरीच्या खाडीपर्यंत पोचायला तिला अजून पुष्कळ वळणं घ्यावी लागली असती. ती जायची पायथ्याच्या खाचरात, दिराच्या शेतात, आणि तिथेच निवांत बसायची. उन्हाळ्यात आत्या कुदळ आणि घमेलं घेऊन खाली उतरायची, खाचराच्या कडेला साचलेला गाळ खणायची, डोक्यावर घेऊन वर चढायची आणि नाचणीच्या तुकड्यात ओतून हाताने पसरायची. पायाने नाही, हाताने. आम्ही पोरं मे महिन्यात तिच्या मागेपुढे करायचो आणि तो आम्हाला खेळ वाटायचा. पाऊस खाली न्यायचा, आत्या वर आणायची. तिच्या मानेवरची शीर घमेलं उतरवल्यावरही बराच वेळ ताठ राहायची, ते मात्र खेळातलं वाटायचं नाही.

मी शिकले, पनवेलला नकाशांच्या एका खाजगी कचेरीत लागले. आणि योगायोग असा, की तळ्याकडच्या ज्या पाणलोटाचं काम कचेरीला मिळालं, त्यात आत्याची वाडी होती. धुपीचा नकाशा करायचा, मग सरकारी योजनेतून जिथे लाल दिसेल तिथे दगडी बांध आणि चर घ्यायचे. मी आत्याला फोन केला. तिचा आवाज इतका हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"वरनं मोजत्यात व्हय? आबाळातनं?"

"उपग्रहावरून, आत्या."

"मंग बरं हाय. वरनं बघनारा कुनाची बाजू न्हाय घ्यायचा."

तिने उपग्रहावर भरवसा ठेवला, कारण तो भावकीतला नव्हता.

उंचीची माहिती फुकट मिळते, सगळ्या जगाची. जमिनीचे सारखे चौकोन पाडलेले असतात, एकेक चौकोन लग्नाचा मांडव मावेल एवढा, आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. त्यात टेकाड असो, खळगा असो, भांडलेले भाऊ असोत, उंची एकच. शेजारच्या चौकोनांच्या उंचीतला फरक म्हणजे उतार. मी आत्याची जमीन शोधली. ती हिरवी होती. सपाट. मला आधी वाटलं, जागा चुकली. मग मी नदीचं वळण धरून, देवराईचा माळ धरून पुन्हा पुन्हा तिथे गेले. जागा बरोबर होती. चुकली होती ती उंची.

कारण कळायला वेळ लागला नाही. उपग्रहाला पान आणि जमीन यांतला फरक नीट कळत नाही. दाट झाडी असली की शेंड्यालाच तो जमीन धरतो. पायथ्याशी सुदामकाकांच्या खाचराच्या कडेने आंब्यांची उंच, दाट रांग होती. वर आत्याचा उतार बोडका. आंब्याचे शेंडे आत्याच्या जमिनीच्या पातळीला आले होते. खालच्या चौकोनाची उंची शेंड्यांनी वाढवली, वरच्या चौकोनाची वाढवायला तिथे एकही झाड शिल्लक नव्हतं. फरक उरला नाही. ज्या उतारावर आत्या धापा टाकत चढायची, तो उतार नकाशात नव्हताच.

आणि लाल कुठे होतं? देवराईच्या माळावर. तिथे जमीन अगदी टेबलासारखी आहे, खाली नुसता कातळ. पण राई जिथे संपते तिथे शेंड्यांवरून एकदम कातळावर उडी पडते. संगणकाने तिथे कडा धरला. ज्या जमिनीला माती नाही, तिची माती वाहून जाईल म्हणून नकाशा लालबुंद झाला होता.

मी हे सगळं साहेबांना दाखवलं. साहेब सज्जन माणूस. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"तू म्हणतेस ते खरं आहे," ते म्हणाले. "पण आपण शेत मोजत नाही, पाणलोट मोजतो. एका ठिकाणी उतार कमी दिसला, दुसऱ्या ठिकाणी जास्त. बेरजेला जुळतं."

"आणि बांध बेरजेवर बांधणार, सर?"

"बांध लाल असेल तिथे." मग जरा थांबून म्हणाले, "याहून बारीक उंची आपल्याकडे नाही ना. आहे त्यात भागवायचं. तुझी शंका अहवालात घालू, शेवटच्या पानावर."

घातली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. आजही मी अशा शंका लिहिते, आणि माझी आता खात्री आहे की त्या वाचायसाठी नसतातच. त्या लिहिणाऱ्याला झोप लागावी म्हणून असतात.

उन्हाळ्यात शाळेच्या पडवीत सभा झाली. मी मुद्दाम रजा घेऊन गेले. आदल्या दिवशी आत्याला सांगितलं होतं, नकाशात गडबड आहे, तुझी जमीन हिरवी आलीय. ती म्हणाली, "असूं दे. म्यां सांगन त्यांना. सांगितलं की कलतंय मानसाला." तिने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. काका गेल्यानंतर ती पहिल्यांदाच कुठल्या सभेला जात होती. नकाशा फळ्याला लावलेला. योजनेचे साहेब तरुण होते, आवाज गोड. त्यांनी रंग समजावून सांगितले. आत्या उठली.

"साहेब, माजी जमीन कुटं हाय ह्याच्यात?"

त्यांनी बोट ठेवलं. "ही. हिरव्यात आहे मावशी. धोका नाही."

आत्याने हात पुढे केला आणि पंजा तिरपा धरला, छताच्या पाखासारखा. "साहेब, माजी जमीन अशी हाय."

माणसं हसली. साहेब हसले नाहीत, ते खरंच अवघडले होते. "मावशी, हे मी नाही मोजलेलं. वरून मोजलंय."

"येक डाव बगायला तरी चला. हितंच हाय, वर."

साहेबांनी पडवीतून बाहेर पाहिलं. ऊन रणरणत होतं. शाळेमागून पायवाट सरळ वर जात होती, आत्याच्या तुकड्याकडे. "केवढा चढ आहे हो हा," ते म्हणाले, आणि घाम पुसून खाली बसले.

तेव्हा सुदामकाका उठले. त्यांना बोलायची हौस होती. "वैनी, आता काय तक्रार ऱ्हायली? तुमी बी हिरव्यात, आमी बी हिरव्यात. वाटनी करून काय उपेग झाला न्हाय. सरकारनं येक केलं आपल्याला."

या वेळी सगळीच हसली. आत्याने पंजा अजून तसाच धरला होता. तो खाली घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही. मी जाऊन तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

बांध देवराईच्या माळावर झाले. कातळ फोडून चर खणले. तिथे अजून आहेत ते. पावसाळ्यात त्यांत म्हशी बसतात.

त्या वर्षीचा आषाढ म्हणजे माझ्या आठवणीतला खरा आषाढ. पुढचे मागचे सगळे त्याच्यात मिसळून गेले. तेव्हा मी आत्याकडे गेले होते आणि पावसाने अडकून पडले. दिवसभर उजेड असा नव्हताच, एक राखाडी ओल होती फक्त. चुलीचा धूर वर जायला तयार नव्हता. कौलांवरचा पाऊस इतका एकसुरी की बोलणं ओरडून करावं लागायचं, मग आम्ही बोलणंच सोडलं. आत्याने नुकतीच नाचणीची रोपं लावली होती. बोटभर उंचीची, कोवळी. ती दारात बसून वर बघत होती. डोंगरातून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणी ओली गोधडी खाली टाकावी तसा. आत्या उठली नाही. "गेली," एवढंच म्हणाली.

पाऊस जरा ओसरल्यावर दुपारी आम्ही गेलो. उतारावर मधोमध लांबच लांब खरवड पडली होती आणि तिच्यात पिवळट मुरूम उघडा पडला होता, चामडी सोललेल्या गुडघ्यासारखा. खाली खाचरात सुदामकाका आणि काकी भाताच्या ओळींतून वाकून काहीतरी उपटत होते. जवळ गेल्यावर दिसलं. आत्याची नाचणी. मातीबरोबर रोपं खाली आली होती, काही उभीच्या उभी, जणू त्यांना जागा बदलल्याचं कळलंच नव्हतं. भातात नाचणी म्हणजे तण. काका ती उपटून बांधावर फेकत होते. आत्या बांधावर उभी राहिली आणि फेकलेली रोपं गोळा करायला लागली. ओटीत घेऊन ती वर आली आणि जिथे जिथे बोट रुतलं तिथे तिथे ती पुन्हा लावली. फार थोड्या ठिकाणी रुतलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती नेहमीसारखी घमेलं घेऊन खाली उतरली. मी तिथे होते. सुदामकाका बांधावर येऊन उभे राहिले.

"वैनी, आता हे बास करा."

"काय बास?"

"माती न्याचं. माज्या शेतातली माती ही. दर साल तुमी माजं शेत उकरताय."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, ही वरनं आलीया. माजी हाय."

"आली तवा आली. म्यां बोलवाया न्हाय गेलो. माज्या जमिनीत हाय ती माजी." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. ते काही राक्षस नव्हते, त्यांच्याही भाताची एक पट्टी त्या पावसात गोट्यांखाली चेपली होती. "दगडं न्या ना. दगडं बी तुमचीच हायती. येवढा ढीग पडलाय. ती न्या. माती ऱ्हाऊ द्या."

मी पुढे झाले, काकांना काहीतरी म्हणणार होते. आत्याने मला मागे सारलं. तिने घमेलं उपडं करून झटकलं. त्यातली होती तेवढी माती खाचरात पडली. मग ते काखेला मारून ती वर निघाली. रिकामं घमेलं घेऊन ती चढ चढताना मी तिला प्रथमच पाहिलं. डोक्यावर काही नसताना तिला तो चढ जास्त जड जात होता.

नंतर ड्रोन आलं. एका थंडीत, आभाळ स्वच्छ असताना, तोच पाणलोट पुन्हा मोजायचं ठरलं. आता चौकोन घोंगडीएवढे लहान झाले होते आणि झाडं वजा करून खालची जमीन काढता येत होती. मी आंब्यांची रांग पुसली तेव्हा पायथा धाडकन खाली गेला आणि आत्याचा डोंगर उभा राहिला. तिरपा, पंजासारखा. लाल. इतका लाल की मी कचेरीत एकटीच टाळी वाजवली. वरची ती खरवडही दिसत होती, एखाद्या जखमेच्या व्रणासारखी. देवराईचा माळ हिरवागार झाला होता. मी साहेबांना दाखवलं, त्यांनी मनापासून शाबासकी दिली. आत्याला फोन करून सांगितलं, "आत्या, बरोबर आली. आता बांध होणार." ती म्हणाली, "व्हय? मी म्हनलंच व्हतं, वरनं बघनारा बाजू न्हाय घेयाचा."

पण बारीक नकाशाबरोबर बारीक नियमही आले. उतार असा असा असेल आणि मातीची जाडी वीतभरही नसेल, तर तिथे काम घेऊ नये, कारण वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. आत्याच्या तुकड्यात लोखंडी सळई खुपसून पाहिली, ती लगेच मुरुमाला अडली. अयोग्य, असं ठरलं. उलट पायथ्याची भातजमीन सुपीक, गाळाने भरलेली, आणि तिला वरच्या उताराच्या दगडगोट्यांचा धोका. म्हणून तिच्या माथ्याला संरक्षक भिंत घ्यावी. दुरुस्त नकाशावरून हे दिसतच होतं. त्यात एका रेषेचीही चूक नव्हती, मी स्वतः तपासलं होतं.

हे सांगायला मात्र मी फोन केला नाही, गेले. आत्या पडवीत हुलगे निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुपातून नजर न काढता.

"म्हंजे माती व्हती तवा उतार न्हवता," ती सावकाश म्हणाली, "आनि आता उतार हाय, तर माती न्हाय."

तिने एक खडा काढून बाहेर टाकला. "चा ठेव गो," म्हणाली.

भिंत झाली. खाली पडलेले आत्याचेच गोटे तिला लागले, लांबून आणायला नको म्हणून. चांगली दणकट भिंत आहे. वास्तविक तिच्या वरच्या अंगाला माती अडायला हवी होती, आणि ते वरचं अंग आत्याच्या हद्दीत येतं. पण अडायला माती खाली यावी लागते. आता येतं ते नुसतं पाणी, कातळावरून यावं तसं निवळ, आणि ते भिंतीच्या फटींतून खाली जातं. नाल्याच्या तोंडाशी बाटलीत पाणी भरून गाळ मोजायची पद्धत आहे. तिथे गाळ कमी आला. या पाणलोटातली धूप आटोक्यात आली, असं निष्पन्न झालं, आणि तेही खोटं नाही. जिथून जायची ती जाऊन झाली होती.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला चुकीच्या आकड्यांचा राग येत नाही. चूक आज ना उद्या सापडते, दुरुस्तही होते. दुरुस्त व्हायला लागतो तेवढा वेळ जमीन थांबत नाही, एवढंच. आणि दुरुस्त झालेला नकाशा मागचं काही विचारत नाही. तो आज जे आहे तेच दाखवतो, अतिशय स्वच्छ, प्रत्येक दगडासकट.

गेल्या आषाढात मी आत्याला भेटायला गेले. घराला कडी होती. खालून बायकांचा आवाज येत होता म्हणून उतरले. सुदामकाकांच्या खाचरात लावणी चालली होती. पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून बायका ओळीने वाकलेल्या. त्यांच्यात आत्या होती. नाचणी करायला आता जागा नाही, आणि वाडीत लावणीला एकमेकींकडे जायची रीत आहे, म्हणून ती जाते. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. काळाभोर, लोण्यासारखा चिखल, पाय काढला की चपकन आवाज करणारा. सुदामकाका छत्री धरून बांधावरून बघत होते.

"वैनी," ते ओरडले, "तितं जरा पातळ लावा. त्या अंगाची जमीन भारी हाय, फुटवा लई येतो."

आत्या वाकलेलीच राहिली. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "माजीच हाय ती."

बायका खळखळून हसल्या. छत्रीखाली सुदामकाकाही हसले. आत्याने हातातली रोपांची मूठ सोडवली, आणि सांगितल्याप्रमाणे पातळ लावत, एकेक पाऊल मागे सरकत गेली.